तुसाची राख सिमेंटमध्ये चालते का? चालते, पण आग नीट हवी

'शेतातल्या कचऱ्यापासून सिमेंट' अशी बातमी दर काही महिन्यांनी येतेच. सोबत हिरव्यागार शेताचा फोटो असतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की आता पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) दळायची, पाण्यात कालवायची आणि घर बांधायला घ्यायचं. तसं काही होत नाही. पण बातमी खोटीही नसते. विदर्भातल्या माणसानं तर ही भानगड जरा खोलात जाऊन समजून घ्यावी, कारण तिचे सगळे धागे नागपूरच्या आसपासच आहेत. पूर्वेला भंडारा-गोंदियाचा धानपट्टा आणि तिथल्या राईस मिल, जिथं धानाचं तूस, म्हणजे दाण्यावरचं टरफल, निघतं. दक्षिणेला चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर भागातली चुनखडी आणि तिच्यावर उभे असलेले सिमेंट कारखाने. आणि शहराला खेटून कोराडी-खापरखेड्याची औष्णिक वीजकेंद्रं, जिथून राखेचे ट्रक निघतात. शिवाय आता नागपुरात गल्लीबोळातले रस्तेसुद्धा सिमेंटचे झालेत, म्हणजे गिऱ्हाईकही इथंच.

आधी सिमेंटचं दुखणं काय ते बघू.

सिमेंटचा मुख्य कच्चा माल चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास ती फुटते. त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि चुना उरतो. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली, तर हाती ५६ किलो चुना लागतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. पुढं हाच चुना मातीतल्या सिलिका (वाळूतला मुख्य पदार्थ) आणि ॲल्युमिनासोबत १४५० अंशांपर्यंत तापवला की काळपट गोट्या तयार होतात. त्या गोट्या म्हणजे क्लिंकर. थोडं जिप्सम घालून क्लिंकर दळलं की झालं सिमेंट.

एक टन क्लिंकर तयार होताना साधारण ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लोकांना वाटतं हा सगळा कोळशाचा धूर. प्रत्यक्षात त्यातला जवळपास ६० टक्के वाटा दगडातून येतो. उद्या भट्टी पूर्णपणे सौरऊर्जेवर चालवली तरी चुनखडीतून निघणारा वायू थांबत नाही, कारण तो निघाल्याशिवाय चुनाच तयार होत नाही. जगात वर्षाला सुमारे ४०० कोटी टन सिमेंट बनतं, आणि माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा असतो. भारत चीनच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक आहे. घरं, पूल, कालवे बांधायचे तर आहेतच. मग पोत्यातलं क्लिंकर कमी करून त्या जागी दुसरं काहीतरी कामाचं घालणं हाच सगळ्यात हातातला उपाय उरतो.

आता 'कामाचं' म्हणजे काय? नुसती बारीक माती घातली तर ती भेसळ झाली. इथं सिमेंटच्या पोटातली एक गोष्ट उपयोगी पडते. सिमेंटमध्ये पाणी पडलं की दोन पदार्थ तयार होतात. पहिला आहे तो चिकट पदार्थ, जो वाळू-गिट्टीला घट्ट धरून ठेवतो. त्याचं नाव कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. काँक्रीटची सगळी ताकद त्याची. दुसरा पदार्थ म्हणजे विरलेला चुना, अगदी पानाला लावतात तोच. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये याचा वाटा पाचवा ते चौथा हिस्सा इतका असतो आणि ताकदीच्या हिशेबात तो जवळपास बसून खातो. वर, पाण्यात विरघळून सगळ्यात आधी बाहेर येणाराही तोच. गच्चीचा स्लॅब गळायला लागला की खालून जे पांढरे ओघळ येतात, कधी कधी बारीक सुळकेही लोंबतात, तो हाच चुना. बाहेर येऊन हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि पुन्हा चुनखडी होऊन बसतो.

या रिकामटेकड्या चुन्याला सिलिका भेटली तर? दोघं मिळून पाण्याच्या साक्षीनं पुन्हा तोच चिकट पदार्थ तयार करतात. म्हणजे ताकद वाढते, काँक्रीटमधली बारीक छिद्रं भरतात आणि पाणी आत शिरायचं कमी होतं. असं वागणाऱ्या पदार्थाला पोझोलाना म्हणतात. इटलीतल्या नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावच्या ज्वालामुखीच्या राखेवरून हे नाव पडलं. रोमन लोक ती राख चुन्यात घालून बांधकाम करत. आपल्याकडे हेच काम सुरखीनं केलं, म्हणजे भाजलेल्या विटांच्या भुकटीनं. घाण्यात मळलेला चुना आणि सुरखी यांवर आपले वाडे, तलाव आणि जुनी धरणं उभी राहिली. आणि आजचं म्हणाल, तर बाजारात मिळणाऱ्या पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश, म्हणजे वीजकेंद्रातली राख, असतेच. पोत्यावर तसं छापलेलंही असतं. त्यामुळे 'सिमेंटमध्ये राख? नको रे बाबा' म्हणणाऱ्यांच्या घराच्या भिंतीत ती बहुधा आधीच जाऊन बसलेली आहे.

फ्लाय ॲश कोळशाची. मग शेतातली राख कुठून आली?

धानाच्या बांधीत काम केलेल्याला माहीत असतं की धानाची पात हाताला चरे पाडते. हे पातीतल्या सिलिकाचं काम. धानाचं रोप मुळातून पाण्यासोबत विरघळलेली सिलिका ओढतं आणि पानांत, तणसात आणि सगळ्यात जास्त दाण्यावरच्या तुसात साठवतं. किडीला, बुरशीला अडवायला ती रोपाला कामी येते. म्हणून तूस इतकं खरखरीत असतं, जनावरं त्याला तोंड लावत नाहीत आणि उकिरड्यावर टाकलं तरी ते लवकर कुजत नाही. १०० किलो धानाची भरडाई केली की साधारण २० किलो तूस निघतं. तांदळावरचा कोंडा वेगळा. तो तेलाच्या कारखान्यात जातो आणि त्याला भाव असतो. हे २० किलो तूस जाळलं तर ४ किलोच्या आसपास राख उरते, आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. दुसऱ्या कुठल्याही पिकाच्या अवशेषातून इतकी सिलिका मिळणं कठीण.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले प्राध्यापक पी. कुमार मेहता यांनी १९७० च्या दशकात या राखेवर पायाभूत काम केलं. तूस ठरावीक तापमानाला जाळलं तर राख उत्तम पोझोलाना होते, हे तेव्हाच सिद्ध झालं. आपल्या काँक्रीटच्या मानकातही, म्हणजे आयएस ४५६ मध्ये, २००० सालच्या आवृत्तीत तुसाच्या राखेचा स्पष्ट उल्लेख आहे. दर्जा आणि एकसारखेपणा राखला तर संबंधित अधिकाऱ्याच्या मंजुरीनं ती वापरता येते. म्हणजे विज्ञान पन्नास वर्षं जुनं आहे आणि कागदावर परवानगीही आहे. तरी राईस मिलच्या मागं राखेचे ढीग तसेच पडलेले दिसतात. का?

घोडं अडतं ते भट्टीत

माझ्या मते या विषयावर लिहिणारे सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा दोन ओळींत उरकतात, म्हणून इथं जरा थांबतो.

सिलिका असली म्हणजे ती चुन्याशी जुळेलच असं नाही. वाळू ही जवळपास सगळी सिलिकाच, पण काँक्रीटमध्ये वाळू वर्षानुवर्षं वाळूच राहते. फरक आतल्या रचनेचा. वाळूत अणू शिस्तीत, रांगेत बसलेले असतात. त्याला स्फटिक म्हणतात. तुसाच्या चांगल्या राखेत ते विस्कळीत असतात, त्यामुळे चुना त्यांना सहज उचलतो. खडीसाखर आणि जत्रेतले 'बुढी के बाल' दोन्ही साखरच, पण खडा तोंडात घोळत बसतो आणि बुढी के बाल जिभेवर ठेवताच विरतात, तसंच हे.

आणि राखेचं खडीसाखर होणार की बुढी के बाल, हे आग ठरवते. ५०० ते ७०० अंशांच्या दरम्यान, पुरेशी हवा देत तूस जाळलं तर विस्कळीत रचनेची, राखाडी-पांढरी राख मिळते. तापमान ८०० च्या वर जाऊन बराच वेळ तिथं राहिलं की अणू रांगा धरायला लागतात. राख दिसायला छान पांढरी, पण सिमेंटच्या दृष्टीनं मेलेली. उलट हवा कमी पडली तर कोळसा तसाच राहतो आणि राख काळीकुट्ट होते. हा उरलेला कार्बन पाणी पितो, काँक्रीटमध्ये घालायची महागडी रसायनंही पितो, आणि स्लॅबचा रंग बिघडवतो तो वेगळाच. त्यात तुसातलं पोटॅशियम आगीत घालतं तेल. त्याच्यामुळे सिलिका कमी तापमानाला वितळू लागते, कणांचा पृष्ठभाग काचेसारखा बंद होतो आणि आतला कार्बन जळायचा राहून जातो. तूस आधी सौम्य आम्लाच्या पाण्यानं धुतलं तर हा त्रास जातो, पण मग धुण्याचा, वाळवण्याचा आणि सांडपाण्याचा खर्च कोण करणार?

मोकळ्यावर पेटवलेला तुसाचा ढीग कधी जवळून बघा. ज्वाळा दिसतच नाहीत, तो आतल्या आत दिवसेंदिवस धुमसतो. वरचा थर काळा, त्याखाली राखाडी आणि अगदी पोटात पांढरट-गुलाबी. एकाच ढिगात तीन प्रकारची राख. चिमटीत घेतली तर नवल वाटतं: तूस जळून गेलेलं असतं, पण त्याचा आकार, तो होडीसारखा बाक, वरच्या बारीक रेघासुद्धा शाबूत असतात. तो सिलिकाचा सांगाडा असतो. बोटांनी दाबला की चुरा होतो. आतून तो अतिशय सच्छिद्र असतो, म्हणूनच ही राख इतकी चपळ असते आणि म्हणूनच इतकं पाणीही मागते. बॉल मिलमध्ये, म्हणजे लोखंडी गोळ्यांच्या चक्कीत, दळून ती छिद्रं मोडावी लागतात, तेव्हा कुठं काँक्रीट हाताळण्याजोगं होतं.

आता मिलवाल्याच्या बाजूनं बघू. उसना (उकडा) तांदूळ करणाऱ्या मिलला वाफ लागते, आणि बॉयलरमध्ये कोळशाऐवजी तूस टाकणं त्याला परवडतं. म्हणजे तूस हा 'कचरा' नाहीच, ते इंधन आहे. बॉयलर चालवणाऱ्याचं लक्ष वाफेच्या दाबावर असतं. राख ६५० अंशांवर निघाली की १००० वर, याच्याशी त्याला देणंघेणं नाही, आणि त्याचा दोषही नाही. कधी तूस ओलं, कधी सोबत कोळसा, शेवटी धूळ उडू नये म्हणून राखेवर पाणी मारलं जातं. परिणाम असा की सोमवारचा ट्रक आणि गुरुवारचा ट्रक हे काँक्रीटसाठी दोन वेगळे पदार्थ असतात. सिमेंटवाल्याला सगळ्यात जास्त भीती याचीच. थोडा कमी दर्जा तो सांभाळून घेईल, पण रोज बदलणारा दर्जा नाही.

म्हणून मला वाटतं, शेतकचऱ्याच्या सिमेंटचा खरा प्रश्न शेतातला नाही आणि सिमेंट कारखान्यातलाही नाही. तो मधल्या बॉयलरचा आहे. वाफेसोबत राखेचंही तापमान सांभाळणारी भट्टी, उदाहरणार्थ नीट चालवलेला फ्लुइडाइज्ड बेड बॉयलर (ज्यात खालून हवा फुंकून इंधन तरंगत ठेवून जाळतात), जिथं असेल तिथं या राखेची किंमत फिरते. नसेल तिथं राख खड्ड्यात जाते.

जाता जाता एक धोक्याची गोष्ट. जास्त तापून स्फटिक झालेल्या सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात साचते आणि सिलिकोसिस होतो. राखेच्या ढिगाजवळ, पोती भरताना नाका-तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही. चांगल्या प्रतीचा धूळरोधक मास्क लागतो.

हिशेब मोठा मांडला तर

भारतात वर्षाला १३-१४ कोटी टन तांदूळ होतो, म्हणजे जवळपास २० कोटी टन धान. त्याचं तूस ४ कोटी टन, आणि राख फार तर ८० लाख टन. देशाचं सिमेंट उत्पादन ४० कोटी टनांच्या घरात. म्हणजे देशातलं सगळं तूस गोळा करून अगदी आदर्श पद्धतीनं जाळलं तरी सिमेंटच्या २ टक्के जागा भरेल. कोळशाची फ्लाय ॲश मात्र वर्षाला २५ कोटी टनांहून अधिक निघते. तेव्हा 'सिमेंटला पर्याय' हे मथळ्यातले शब्द जरा सैलच आहेत.

पण हाच आकडा गावाच्या पातळीवर मांडला की चित्र बदलतं. तासाला ४ टन धान भरडणारी एक मिल धरा. तासाला ८०० किलो तूस, १६० किलो राख. दहा तासांत १.६ टन. घनमीटरला ३८० किलो सिमेंट लागणाऱ्या काँक्रीटमध्ये १० टक्के सिमेंटच्या जागी ही राख घातली, तर एवढ्यात ४२ घनमीटर काँक्रीट होतं, म्हणजे ६ घनमीटरचे सात ट्रान्झिट मिक्सर. एका मिलच्या एका दिवसाच्या राखेला हे वाईट नाही. आणि १० ते १५ टक्क्यांच्या या पट्ट्यात चांगल्या राखेचं काँक्रीट २८ दिवसांच्या ताकदीत साध्या काँक्रीटच्या बरोबरीनं किंवा पुढंच असतं, पाणी आणि क्षार तर बरेच कमी झिरपू देतं. ही राख फ्लाय ॲशची नव्हे, तर सिलिका फ्यूमची भावंड आहे. सिलिका फ्यूम ही महागडी भुकटी उंच इमारती आणि पुलांच्या काँक्रीटमध्ये वापरतात. चार किलो राख फुटकळ भिंतीत घालवण्यापेक्षा जिथं गळती आणि गंज सगळ्यात महागात पडतो तिथं ती वापरावी, असं माझं मत.

टक्का फार वाढवूनही चालत नाही. मघाचा तो रिकामटेकडा चुना अगदीच निरुपयोगी नाही. तो काँक्रीट अल्कधर्मी ठेवतो आणि त्यामुळे आतली सळई गंजत नाही. सगळाच संपवला तर ते संरक्षण पातळ होतं.

मग पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं कुटार यांचं काय? विदर्भात धानापेक्षा हेच जास्त डोळ्यांसमोर असतं. यांच्या राखेत सिलिका कमी, पोटॅश आणि चुना जास्त. पोझोलाना म्हणून ती कामाची नाही, उलट जादा पोटॅश काही प्रकारच्या गिट्टीशी भांडून काँक्रीटला तडे पाडू शकतो. उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका बऱ्यापैकी असते, पण उसासोबत आलेली माती-वाळू तिच्यात मिसळलेली असते. शिवाय साखर कारखाने आपल्या भागात थोडेच. पऱ्हाटीचा सरळ उपयोग दुसरा आहे: तिच्या कांड्या करून सिमेंटच्याच भट्टीत कोळशाऐवजी जाळायच्या. तिथं राखेचा प्रश्नच येत नाही, ती क्लिंकरमध्ये मुरून जाते. दगडातला वायू थांबत नाही, पण कोळशाचा वाटा कमी होतो, आणि पऱ्हाटीतून निघालेला कार्बन त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्डही होतात. कापूस तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या सिरकॉट संस्थेनं ते तंत्र विकसित केलंय, आणि तिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरातच आहे. अडचण एकच, आणि ती जुनीच: पऱ्हाटी उपटणं, गोळा करणं, वाहून नेणं याला मजुरी लागते. बांधावर काडी लावली की शेतकऱ्याचा तो खर्च वाचतो. वाहतुकीचं हेच गणित तुसालाही लागू आहे. घनमीटरभर तुसाचं वजन जेमतेम १०० किलो, ट्रक भरतो पण काटा हलत नाही. त्यामुळे तूस नागपूरला आणण्यापेक्षा ते भंडारा-गोंदियात जाळून राखच आणायची. त्यातही गिऱ्हाइकांची स्पर्धा आहेच. औष्णिक वीजकेंद्रांत कोळशासोबत ५ टक्के बायोमास (काडीकचऱ्यासारखं जैविक इंधन) जाळायचं धोरण केंद्रानं २०२१ मध्ये आणलं, त्यामुळे शेतातल्या काडीकचऱ्याला आता वीजवालेही हात लावतात.

घर बांधणाऱ्यानं यातून काय घ्यायचं? चुलीतली किंवा कुठल्याशा मिलमागची राख मिस्त्रीच्या सांगण्यावरून मालात घालायची नाही, हे पहिलं. पीपीसी बिनधास्त वापरा, पण राखेचं सिमेंट चुन्याची वाट बघत हळूहळू पिकतं, त्याला ओल जास्त दिवस लागते. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राखमिश्रिताला १०, आणि कोरड्या उन्हाळ्यात राखमिश्रिताला १४ दिवस पाणी मारायला सांगितलंय. नागपूरचा मे महिना म्हणजे ४५ अंश, सकाळी मारलेलं पाणी दहा वाजता उडालेलं. गोणपाट अंथरून ते ओलं ठेवणं किंवा स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवणं, एवढं केलं नाही तर राखेला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आणि राईस मिल चालवणाऱ्यानं? ढीग विकायच्या आधी तीन चाचण्या करून घ्याव्यात. राख पुन्हा तापवून वजन किती घटतं ते बघायचं, त्यावरून उरलेला कार्बन कळतो. एक्स-रे विवर्तनाची चाचणी, त्यात आलेखावर टोकदार सुळके आले तर राख स्फटिक झाली, पसरट उंचवटा आला तर चांगली. आणि आयएस १७२७ मधली चुन्याशी क्रिया मोजणारी चाचणी, ज्यात चुना-राख-वाळूचे ठोकळे करून ते दाबून फोडतात. नमुना एकाच दिवसाचा नको, महिनाभरातल्या वेगवेगळ्या दिवसांचा घ्यावा. तिन्हीत राख नापास झाली तरी तिला एक वेगळं गिऱ्हाईक असतं: पोलाद कारखान्यात वितळलेल्या पोलादावर उष्णता टिकवायला तुसाच्या राखेचा थर पसरतात, आणि तिथं ती स्फटिक झालेली असली तरी कुणी तक्रार करत नाही.